नाणेघाटाची वाट: ट्रिप ठरवायच्या आधी थोडं मागचं

सिल्क रूटच्या पॅकेजचे रेट बघून ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींचा उत्साह मावळला आणि मग कुणीतरी म्हणालं की अरे आपल्या दारातनंच दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ता गेलाय, तो तरी कुठे बघितलाय आपण. बरोबरच आहे. सोपारा (आजचं नालासोपारा)-कल्याणहून निघायचं, नाणेघाट चढून जुन्नर, तिथून पैठण आणि पुढे धाराशिवजवळचं तेर. फक्त तारखा जुलैच्या टाकल्यात, उलटा धबधबा (वाऱ्याने पाणी वर उडतं तो) बघायला. माझा विरोध आहे तो त्या तारखांना. रस्ता बघायचा असेल तर तो ज्या दिवसांत वाहता असायचा त्या दिवसांत जायला हवं.

कारण हा सगळा व्यापार वाऱ्यावर चालायचा. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतनं जहाजं जुलैच्या सुमारास निघायची, नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन आपल्या किनाऱ्याला लागायची तोवर पावसाळा सरत आलेला असायचा, आणि मग ईशान्येचे वारे सुटले की परत. आपल्याकडे भर पावसात होड्या आजही वरच ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कोण दर्यात घालतंय. म्हणजे घाटातली खरी वर्दळ पाऊस गेल्यावरची, वाटा सुकल्या की बैलांच्या पाठीवर माल खाली यायचा आणि जहाजांतला वर जायचा. वरनं काय यायचं, तर पैठणकडचे ऑनिक्सचे खडे आणि तेरचं सुती कापड, मलमल. समुद्रातनं यायची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी.

हे कळतं ते पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तिकेतनं. इ.स.च्या पहिल्या शतकातली, लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही पण माणूस व्यापारीच असणार, कारण त्याला देवळं-राजवाडे यात फारसा रस नाही, कुठल्या बंदरात काय खपतं यात आहे. सोपारा, कल्याण आणि आपलं चौल (तो सेमिल्ला म्हणतो) तिन्ही त्यात आहेत. आणि कल्याणबद्दल तर अशी बातमी दिलीय की आधी हे रीतसर बंदर होतं पण आता तिथे ग्रीक जहाज चुकून शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला (गुजरातेतलं भरूच) नेतात. नाकाबंदीच म्हणायची! भडोच तेव्हा शकांच्या क्षत्रप (सुभेदारासारखा राजा) नहपानाच्या हातात, म्हणून पैठणचा माल नाणेघाटातनं चार पावलांवरच्या कल्याणला न जाता गाड्यांनी 20 दिवस चालून भडोचला जायचा, आणि तेर पैठणच्याही पुढे 10 दिवसांवर. म्हणजे पैठणच्या सातवाहन राजांचं उत्पन्न गेलं आणि व्यापाऱ्यांचे पाय दुखले. पुढे त्यांच्यातल्याच गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपानाचीच, पण त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतलेला. जिंकलो हे सांगायची याहून स्वस्त पद्धत नसेल.

आता खुद्द घाट. पायथ्याला मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे, तिथनं दोन-अडीच तासांची चढण, वरच्या टप्प्यात दगडी फरसबंदीच्या पायऱ्या आणि शेवटी दोन कड्यांमधली खिंड. खिंडीच्या तोंडाशी लेणं आहे, सातवाहन राणी नागनिकेचं, साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातलं. बहुतेक लोक तिथे डबा खातात आणि निघतात. जरा थांबून भिंती बघा, डाव्या-उजव्या दोन्ही भिंतींवर ब्राह्मीत लेख आहे, केलेल्या यज्ञांची यादी आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (तेव्हाची नाणी) यांचे आकडे. हे अंक भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांपैकी धरतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता वर कोरलेली नावं आणि खाली नुसती पावलं उरलीत. वरती दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे गाइड सांगतात, पुरावा काही दाखवत नाहीत, पण जकात वसूल करायला याहून सोयीची जागा नाही हे तिथे उभं राहिलं की पटतं.

जुन्नरला लेण्याद्रीचा गणपती तर होईलच (तोही मुळात बौद्ध विहारातच बसलाय), पण तिथल्या लेण्यांचे लेख म्हणजे बाजारपेठेची हजेरीच. एक लेख धान्यवाल्यांच्या श्रेणीचा (म्हणजे संघाचा) आहे, त्यांनी सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. यवन म्हणजे ग्रीक दानकर्तेही आहेत. व्यापाऱ्यांना वाटेत मुक्काम-पाणी हवं, भिक्षूंना आश्रयदाते हवेत, म्हणून घाटांच्या आसपास लेणी दिसतात. बोरघाटाच्या वर कार्ले-भाजे बघा ना.

आपल्या बाजूचंच उदाहरण हवं तर राजपुरी खाडीजवळची कुडा लेणी. तिथलं एक लेणं कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलंय. घाटावरचा माणूस खाडीकाठी येऊन लेणं कोरवतो म्हणजे त्याचं येणंजाणं किती असेल! म्हणून अलिबाग-रोह्याकडच्यांनी थेट कल्याण गाठण्यापेक्षा पहिला दिवस कुड्याला द्यावा असं मला वाटतं.

नाणेघाटाचं महत्त्व उतरलं ते मुख्यतः चाकांमुळे. बोरघाटात 1830 ला गाड्यांचा रस्ता झाला, 1863 ला रेल्वे, मग अंगावर येणारी ही वाट कोण चढणार.

तर तारखा दिवाळीनंतरच्या टाका. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी माळशेजमार्गे जुन्नर, घाटघर करून गाडीने वर यावं, रस्ता खिंडीपर्यंत जातो. तेरला जमलं तर जाऊ, तिथल्या म्युझियममध्ये सातवाहनकाळातल्या वस्तू चांगल्या आहेत. सोपाऱ्याला मात्र स्तूप आहे, अशोकाचा शिलालेख शोधू नका, 1882 मध्ये सापडलेला तो तुकडा मुंबईच्या म्युझियममध्ये आहे.