संस्था ना-नफा आहे म्हणून देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होते का?

अमेरिकेत वर्षानुवर्षे फिरणारा समज: आरोग्यसेवा सुधारणेसाठी काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्यांवर दबाव आणणाऱ्या ना-नफा संस्थेला दिलेले २५ डॉलर करपात्र उत्पन्नातून वजा होतात.

असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण संस्थेला स्वतःला करमाफी असते. पण संस्थेची करमाफी वेगळी आणि देणगीदाराची वजावट वेगळी. अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखालच्या धर्मादाय संस्थेला दिलेली देणगी वजावटीस पात्र असते, मात्र तिच्या लॉबिंगला, म्हणजे कायद्यांबाबत लोकप्रतिनिधींवर दबाव आणण्याला, मर्यादा आहे. ही मर्यादा खर्चाच्या प्रमाणात मोजण्याचा ५०१(एच) कलमाचा पर्याय संस्थेने निवडला, तर ती पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के. ‘तुमच्या प्रतिनिधीला फोन करा’ अशा जनआवाहनासाठी त्यातलाही जास्तीत जास्त चौथा हिस्सा. म्हणूनच जोरकस मोहिमा बहुधा ५०१(सी)(४) कलमाखालच्या समाजकल्याण संस्था चालवतात. त्यांना लॉबिंगची अशी मर्यादा नाही, पण देणगीदाराला धर्मादाय वजावटही नाही. उमेदवाराला किंवा राजकीय समितीला दिलेले पैसे तर वजा होतच नाहीत.

खरा घोळ जुळ्या नावांचा. एकाच नावाची संस्था आणि तिचे ‘फाउंडेशन’ शेजारी शेजारी काम करतात, आणि देणगीचे बटण कोणाचे हे बारीक अक्षरांत असते. तिथेच ‘वजावटीस पात्र नाही’ असे वाक्य शोधा. मग पावतीवरचा ९ अंकी ओळख क्रमांक संघीय कर खात्याच्या करमुक्त संस्थांच्या ऑनलाइन शोधात टाका. पात्र देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल, तर विवरणपत्र भरण्याआधी संस्थेची लेखी पोच हवी. नुसती बँकेची नोंद चालत नाही.