व्हीडीआय की सेशन? हॉस्पिटलच्या पडद्यावर सारखेच, आत मात्र वेगळे

वॉर्डातल्या कॉम्प्युटरला सिस्टरने कार्ड टेकवलं आणि काही सेकंदांत तिचा अर्धवट भरलेला चार्ट जसाच्या तसा समोर आला, की सगळे म्हणतात, "आमच्याकडे व्हीडीआय आहे." पुष्कळ ठिकाणी ते व्हीडीआय (व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर) नसतं, सर्व्हरवरचं सेशन असतं. पडदा पाहून फरक कळत नाही. कळतो तो कोटेशन आल्यावर, नाहीतर एखादं सॉफ्टवेअर अडून बसल्यावर.

हॉस्पिटलच्याच भाषेत सांगायचं तर व्हीडीआय म्हणजे स्पेशल रूम आणि सेशन म्हणजे जनरल वॉर्ड. व्हीडीआयमध्ये प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर, मिळतं. त्यात त्याचं वेगळं विंडोज ११, वेगळी मेमरी. सेशनमध्ये विंडोज सर्व्हर एकच असतो आणि वीस-पंचवीस जण त्याच्यात आपापल्या लॉगिनने एकाच वेळी काम करतात. सेशनची पद्धत जुनी. मायक्रोसॉफ्टने ती १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत दिली. आज तिलाच रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, थोडक्यात आरडीएस, म्हणतात.

आता वेगाबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. कार्ड टेकवताच काम समोर येतं, ते व्हीडीआयमुळे नव्हे. आधीचं काम बंद न करता फक्त 'डिस्कनेक्ट' करून ठेवलेलं असतं (पडदा तुटतो, काम सर्व्हरवर उघडंच राहतं), म्हणून. नव्याने लॉगिन करायचं तर प्रोफाइल, पॉलिसी, प्रिंटर आणि मग हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर असं सगळं एकामागून एक उघडतं. त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. हे दिवसातून तीस वेळा करायला लागलं की वॉर्डात एकच लॉगिन सकाळी उघडून सगळ्यांनी वापरायची सवय लागते. मग इंजेक्शन कोणी दिलं याची नोंद खोटी ठरते. म्हणून वेगाचा प्रश्न हा रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

डिस्कनेक्टची सोय दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे ती चुकीच्या सेटिंगने मारली जाते. व्हीडीआयच्या पूलमध्ये (सगळ्यांत वाटून दिल्या जाणाऱ्या मशीनच्या साठ्यात) 'डिस्कनेक्ट होताच लॉगऑफ' ठेवलं, की प्रत्येक वेळी कोरं मशीन मिळतं आणि पैसे वाया जातात. आरडीएसमध्ये उलटी चूक होते: मर्यादाच घालत नाहीत. रात्रपाळीची सेशन्स सकाळी ८ ला ड्यूटी बदलल्यावरही मेमरी अडवून बसतात, आणि सर्व्हर नेमका राउंडच्या वेळी रांगायला लागतो. सुरुवात म्हणून पडद्याचं लॉक ३ मिनिटांवर, डिस्कनेक्ट झालेल्या सेशनची मर्यादा सिस्टरांसाठी २ तास आणि ओटीत अडकणाऱ्या डॉक्टरांसाठी ६ तास ठेवावी. ही मर्यादा ग्रुप पॉलिसीच्या (विंडोजची सेटिंग्ज सगळीकडे एकदम लावायची सोय) यूजर भागात घालायची. कॉम्प्युटर भागातही घातली तर तीच वरचढ ठरते आणि सगळ्यांना एकच मर्यादा लागते. कार्डचं सॉफ्टवेअर मात्र या दोन्हींत येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं.

हिशोब बघा. एका वेळी १०० जण. व्हीडीआयला प्रत्येकी ८ जीबी धरले तर ८०० जीबी मेमरी. सेशनला माणशी दीड जीबी, एका सर्व्हरवर २० जण, वर विंडोजसाठी ८ जीबी. म्हणजे ३८, आपण ४८ धरू. असे पाच सर्व्हर आणि एक राखीव, एकूण २८८ जीबी. डिस्कनेक्ट सेशन्ससाठी आणखी एखादा सर्व्हर वाढवला तरी फरक मोठाच राहतो.

लायसन्समध्येही दोघांची वाट वेगळी. आरडीएसचं लायसन्स माणसावर किंवा यंत्रावर घेता येतं. ६० कॉम्प्युटर आणि तीन पाळ्यांत मिळून २५० कर्मचारी असतील तर यंत्रावर घ्या, ६० पुरतात. डॉक्टर घरून, स्वतःच्या निरनिराळ्या यंत्रांवरून येणार असतील तर त्यांच्यासाठी माणसावर. लायसन्स न लावताही १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही आणि पाचव्या महिन्यात लोक आत शिरू शकत नाहीत. व्हीडीआयला विंडोज ११ चा वेगळा व्हर्च्युअल वापराचा हक्क लागतो, तो कोटेशनमध्ये नीट शोधा.

मग व्हीडीआय कशाला? कारण जनरल वॉर्डात सगळे रुग्ण ठेवता येत नाहीत. बारकोड लेबल छापणारी एखादी छोटी सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) ठरावीक पोर्ट, म्हणजे नेटवर्कचा क्रमांकित दरवाजा, पकडते. त्याच सर्व्हरवर दुसऱ्याने ती उघडली की पोर्ट आधीच अडलेला, लेबल निघत नाही. काही सॉफ्टवेअर आयपीवरून (नेटवर्कवरच्या पत्त्यावरून) टर्मिनल ओळखतं. सेशनमध्ये वीस जणांचा आयपी एकच दिसतो. एकाचा ब्राउझर बेफाम झाला तर शेजारचे एकोणीसही हळू होतात. अशा सॉफ्टवेअरला, आणि स्वतःचा ड्रायव्हर मागणाऱ्या डिक्टेशन माइकला, व्हीडीआयच द्या. त्याची दुखणी वेगळी: सकाळी ८ ला शंभर मशीन एकदम सुरू झाली तर स्टोरेज गुदमरतं, म्हणून ती साडेसातच्या आधी चालू करून ठेवावीत, आणि अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन त्या वेळेत नको.

रजिस्ट्रेशन, बिलिंग, फार्मसी, वॉर्ड यांना आमच्या मते सेशन पुरतं. लॅबच्या अ‍ॅनालायझरला केबलने जोडलेला पीसी आणि रेडिओलॉजिस्टचं निदानाचं वर्कस्टेशन दोन्हींतून बाहेर ठेवा. दूरच्या पडद्यावर येणारं चित्र कॉम्प्रेस होऊन येतं, आणि एक्स-रेतली बारीक रेघ त्यात हरवता कामा नये.

प्रिंटर दोघांनाही सारखाच छळतो. सिस्टरने तिसऱ्या मजल्यावर लॉगिन केलं, तेव्हा तिथला प्रिंटर जोडला गेला. कार्ड घेऊन ती पाचव्यावर गेली. सेशन तेच, लॉगिन नवं नाही, म्हणून लॉगिनच्या वेळी प्रिंटर जोडणारी स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही. डिस्चार्ज कार्ड तिसऱ्या मजल्यावर छापलं जातं, दुसऱ्याच पेशंटच्या नातेवाइकांसमोर. त्यासाठी पुन्हा जोडणी होताना प्रिंटर बदलणारी व्यवस्था हवी. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर डिफॉल्ट प्रिंटर फक्त उघडतानाच वाचत असेल, तर तेवढंही पुरत नाही. ते कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावं लागतं.

खरेदीआधी व्हेंडरला डेमो त्याच्या लॅपटॉपवर नको, तुमच्या वॉर्डात द्यायला लावा. दोन सिस्टरांना एकाच सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर उघडायला सांगा, दोघींना लेबल छापू द्या. एकीने औषधाचा डोस अर्धा टाइप करून सेव्ह न करता कार्ड काढावं, दुसऱ्या मजल्यावर टेकवावं, तुम्ही घड्याळ लावावं. मग तिथली नेटवर्क केबल दोन मिनिटं काढून परत लावा. अर्धा टाइप केलेला डोस तसाच दिसायला हवा, आणि प्रिंट त्याच मजल्यावर निघायला हवी.