थांबलं की बरं वाटतं: पायाच्या अरुंद धमन्यांची पार्श्वभूमी

ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की जातो आणि पुन्हा तेवढंच चाललं की परत येतो. बहुतेक जण ‘वय झालं’ म्हणून हे अंगावर काढतात, याचं फार वाईट वाटतं. कारण हे लक्षण ओळखीचं होऊन दोनशे वर्षं होत आली, आणि ते पहिल्यांदा टिपलं गेलं ते एका घोडीत.

1831 मध्ये फ्रेंच पशुवैद्य बुले यांनी ती नोंद केली. थोडं दौडलं की घोडी मागच्या पायाने लंगडायची, विसावा मिळाला की नीट चालायची. ती मेल्यावर पाहिलं, तर मांडीच्या धमन्या बंद! पुढे 1858 मध्ये फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी अशीच तक्रार एका माजी सैनिकात पाहिली. जुन्या गोळीच्या जखमेमुळे त्याच्या पायाकडे जाणारी धमनी बंद झाली होती. घोडीची नोंद शार्कोंना ठाऊक होती, म्हणून दुवा जुळला. दुखणं सांध्याचं नव्हतंच. राबणाऱ्या स्नायूला रक्त कमी पडत होतं.

1947 च्या सुमारास लिस्बनचे शल्यविशारद दुश सांतुश यांनी धमनी उघडून वाट अडवणारा आतला थर काढला, 1948 मध्ये फ्रेंच शल्यविशारद कुनलँ यांनी शिरेचा तुकडा जोडून बायपास केला, म्हणजे रक्ताला अडथळ्याला वळसा घालणारी वाट दिली. तरीही अनेकांचा पाय कापावाच लागे. 16 जानेवारी 1964 ला अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 82 वर्षांच्या एका बाईंनी त्याला ठाम नकार दिला. बोटांना गँगरीन झालेलं. डॉक्टर चार्ल्स डॉटर यांनी धमनीत तार सरकवली, तिच्यावरून आधी बारीक, मग जाड नळी घातली आणि वाट रुंद केली. थंडगार पाऊल उबदार झालं. त्या शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या. डॉक्टर ग्रुंटझिग यांचा, अरुंद धमनीत नेऊन फुगवायचा फुगाही 1974 मध्ये आधी पायातच वापरला गेला. हृदयाची पाळी 1977 मध्ये आली.

आज घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाच्या 0.90 पट किंवा त्याहून कमी भरला, तर धमनी अरुंद असल्याचं धरतात. सिगारेट-तंबाखू सोडणं, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं आलंच. बसल्याजागी पाय ठणकत असेल किंवा जखम भरत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

आणि चालणं. 1966 मध्ये लार्सन आणि लासन या संशोधकांनी अवघ्या 14 रुग्णांवर ते तपासलं: रोज चालणाऱ्यांचं अंतर वाढलं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. अडथळा तसाच राहतो, पण स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला शिकतो.