वेग वाढला, थांबा तसाच: अ‍ॅक्सेस पॉइंटच्या समन्वयाची पार्श्वभूमी

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्यात ज्याला पाठवायचे तो पाठवून मोकळा होई. अशा पद्धतीत टकरींमुळे चॅनेलचा फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. १९९७ च्या ८०२.११ या वाय-फायच्या मानकाने म्हणून ‘आधी ऐका, मग बोला’ हा नियम धरला. त्याच मानकात पीसीएफही होते, म्हणजे उपकरणांना जाळ्याशी जोडणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटने एकेकाला पाळी द्यायची. ते उपकरणांत क्वचितच उतरले. शेजारचा अ‍ॅक्सेस पॉइंटही त्याच चॅनेलवर स्वतःच्या पाळ्या वाटू लागला, तर दोघांत निवाडा करणारे कोणीच नव्हते. ही उणीव पुढे बराच काळ तशीच राहिली.

ऐकत थांबण्याची किंमत मोजून पाहावी. ५ गिगाहर्ट्झवर साध्या डेटा फ्रेमआधी (एका वेळी पाठवलेल्या डेटाच्या तुकड्याआधी) ३४ मायक्रोसेकंदांचा ठरीव थांबा, त्यावर ९ मायक्रोसेकंदांचे, सोडतीने ठरणारे ० ते १५ स्लॉट. सरासरीने साधारण १०० मायक्रोसेकंद झाले. १५०० बाइट ५४ एमबीपीएसने जायला २२२ मायक्रोसेकंद लागतात, ६०० एमबीपीएसने अवघे २०. थांबा मात्र तेवढाच! म्हणूनच २००९ मध्ये ८०२.११एनने अनेक फ्रेमचा गठ्ठा एकाच पाळीत पाठवायची सोय केली. दुसरी खोट पाळीच्या हिशेबात होती. पाळी फ्रेममागे मिळते, वेळेमागे नाही. त्यामुळे १ एमबीपीएसवर रखडलेला एक लॅपटॉप ११ एमबीपीएसच्या शेजाऱ्यालाही १ च्या खाली ओढतो.

दरम्यान मोठ्या इमारतींत मध्यवर्ती कंट्रोलर आले. चॅनेल आणि प्रक्षेपणाची ताकद ते ठरवत, पण ही आखणी सावकाश बदलणारी. कोणती फ्रेम कधी जाईल यावर तिचा ताबा नाही. शिवाय तिच्यावर पाणी फिरवणे सोपे असते. दाट जागी सगळीकडे ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल लावले की वेगळे चॅनेल उरत नाहीत, आणि रुंदी दुप्पट झाली की नॉइज ३ डीबीने, म्हणजे दुपटीने, चढतो. तिथे २० मेगाहर्ट्झच बरे.

८०२.११एएक्सने (वाय-फाय ६, २०२१) फ्रेमवर ६ बिटांचा ‘रंग’ चढवला. फ्रेम शेजारच्या जाळ्याची आहे हे कळले, की उणे ८२ ऐवजी उणे ६२ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप) आवाज कानाआड करता येतो. मात्र त्या प्रमाणात आपली ताकद उतरवावी लागते. वाय-फाय ७ ने एकाच जोडणीत दोन-तीन बँड वापरू दिले. पण ते बँड फार जवळ असले आणि फिल्टर कच्चा असला, तर एकावरचे प्रक्षेपण दुसऱ्यावरचे ऐकणे बुडवते.

अ‍ॅक्सेस पॉइंटांनी आपसात ठरवून बोलण्याची चर्चा याच पिढीत झाली आणि ८०२.११बीएन या त्यानंतरच्या मानकाकडे ढकलली गेली. दोघांनी मिळून एकाच ग्राहकाला एकच सिग्नल पाठवणे सर्वांत आकर्षक, तितकेच अवघड: २० पीपीएमची (दशलक्षात २० भागांची) घड्याळचूक ५ गिगाहर्ट्झवर १०० किलोहर्ट्झ होते, आणि १० मायक्रोसेकंदांत फेज (लहरीची आवर्तनातली जागा) पूर्ण फिरतो. बीएनमधला भर त्यामुळे पाळीचा वेळ वाटून घेणे, ताकद जुळवणे आणि शेजाऱ्याच्या ग्राहकाकडे बीममध्ये शून्य सोडणे (त्या दिशेला सिग्नल जवळजवळ जाऊ न देणे) यांवर आहे.