संस्कृत नाटक: पोथीआधीचा रंगमंच

भारतीय नाटकाची एक फार जुनी खूण व्याकरणाच्या ग्रंथात सापडते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात शिलाली आणि कृशाश्व या दोन आचार्यांच्या नटसूत्रांचा उल्लेख केला आहे. ती सूत्रं आज उपलब्ध नाहीत आणि पाणिनीच्या काळातलं एकही नाटक आपल्यापर्यंत आलेलं नाही. नटांना शिकवण्यासाठी सूत्रं रचली जात होती आणि ती शिकणाऱ्यांचे संप्रदाय होते, एवढं मात्र नक्की. नाटककाराच्या आधी नटाची नोंद मिळते, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कॉलेजात आपण ही नाटकं काव्य म्हणून वाचतो, श्लोक पाठ करतो, अलंकार ओळखतो. ती मुळात रंगमंचावर उभं राहण्यासाठी लिहिली गेली, हे त्यात मागे पडतं.

पाणिनीनंतरचा मोठा पुरावाही व्याकरणातलाच आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पतंजलीला महाभाष्यात एक प्रश्न पडतो. कंस कधीच मेला, बळी कधीच बांधला गेला, मग ‘कंसाला मारवतो’, ‘बळीला बांधवतो’ असं वर्तमानकाळात कसं म्हणता येतं? उत्तर देताना तो तीन प्रकारच्या लोकांची नावं घेतो. शोभनिक डोळ्यांदेखत कंसाला मारून दाखवतात, चित्रकार चित्रात दाखवतात आणि ग्रंथिक शब्दांतून ती घटना जिवंत करतात. ग्रंथिकांमध्ये काही कंसाच्या बाजूचे, काही वासुदेवाच्या. काहींची तोंडं काळी, काहींची लाल. रंगवलेले चेहरे, दोन पक्ष, सर्वांना ठाऊक असलेली कथा. नाटकाला लागणारं बरंचसं सामान इथे हजर आहे.

त्याही मागे जाऊन ऋग्वेदातल्या पुरूरवा-उर्वशी, यम-यमी, सरमा-पणी या संवादसूक्तांत नाटकाचं बीज शोधण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून झाला. ही सूक्तं वाचताना दोन माणसं समोरासमोर उभी असल्याचं जाणवतं, यात शंका नाही. पण यज्ञमंडपात त्यांचा अभिनय होत असे, असं सांगणारं काही वैदिक ग्रंथांत मिळत नाही. अलेक्झांडरनंतर आलेल्या ग्रीकांकडून आपण नाटक घेतलं, हा वेबर आणि विंडिश या जर्मन अभ्यासकांनी मांडलेला तर्कही फारसा टिकला नाही. ग्रीक शोकांतिकेतला कोरस इथे नाही, संस्कृत नाटकाचा शेवट बहुधा मीलनात होतो, आणि एका अंकातून दुसऱ्या अंकात जाताना वर्षंच्या वर्षं सहज ओलांडली जातात.

परंपरेने दिलेली उत्पत्तिकथा नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात आहे. हा ग्रंथ भरतमुनींच्या नावावर असला तरी साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. २०० या काळात तो घडत गेला असावा. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जाऊन म्हणतात, आम्हाला खेळणं हवं, पाहता येईल आणि ऐकताही येईल असं. चार वेद सर्वांना ऐकता येत नाहीत, तेव्हा सगळ्या वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण कर. ब्रह्मदेव ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेतो. देव म्हणतात, हे काम आम्हाला जमणार नाही. म्हणून ते भरत आणि त्याच्या शंभर पुत्रांकडे जातं. नाजूक, शृंगाराची कैशिकी वृत्ती केवळ पुरुषांकडून साधणार नाही असं भरत सांगतो, तेव्हा अप्सरा निर्माण होतात.

पहिला प्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात होतो. विषय असतो देवांनी केलेला दैत्यांचा पराभव. दैत्यांना तो सहन होत नाही. ते विघ्न नावाच्या दुष्ट शक्तींना बरोबर घेऊन नटांची वाचा आणि स्मृती जखडून टाकतात. इंद्र आपल्या ध्वजाच्या काठीने, म्हणजे जर्जराने, त्यांना झोडपतो आणि नटांच्या रक्षणासाठी विश्वकर्मा नाट्यगृह बांधतो. पण ब्रह्मदेव एवढ्यावर थांबत नाही. तो दैत्यांना समजावतो की हे फक्त तुमचं किंवा देवांचं चित्र नाही, हे तिन्ही लोकांच्या भावांचं अनुकीर्तन आहे. नाटकाने दुखावलेल्या प्रेक्षकाशी बोलायला हवं, ही जाण पहिल्याच प्रयोगाच्या कथेत असावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात याची दुसरी बाजू येते. भरतपुत्र ऋषींची टिंगल करणारे प्रयोग करतात, ऋषी शाप देतात आणि नटांचा वंश शूद्र होतो. मग नहुष राजाच्या विनंतीवरून ही कला पृथ्वीवर येते. प्रत्यक्ष समाजातही नटाचं स्थान असंच होतं. मनुस्मृतीत कुशीलवाची, म्हणजे नटाची, साक्ष घेऊ नये असं म्हटलं आहे. पाचवा वेद सांभाळणाऱ्याला न्यायसभेत उभं राहता येत नव्हतं.

नाट्यशास्त्राचं खरं मोल मला त्याच्या कारागिरीत दिसतं. मध्यम आकाराचं आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावं, म्हणजे आजच्या मापाने साधारण ९६ फूट बाय ४८ फूट. त्याहून मोठं बांधू नये, कारण आवाज फुटतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. नाट्यमंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, असंही भरत सांगतो. छत्तीसगडमध्ये सरगुजा भागातल्या रामगड टेकडीवर सीताबेंगा नावाची कोरीव गुहा आहे. तिच्या तोंडाशी अर्धवर्तुळात बसायच्या पायऱ्या आहेत, म्हणून अनेक अभ्यासक तिला प्राचीन नाट्यगृह मानतात. शेजारच्या जोगीमारा गुहेत ब्राह्मी लिपीतल्या लेखात सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा देवदिन्न नावाचा रूपदक्ष, म्हणजे रूपकलेत निपुण कलावंत, यांची नावं आहेत.

रंगमंचावर देखावे नसत. नट रंगमंचाला एक फेरी मारी आणि प्रसंगाची जागा बदले. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ हरणामागे धावतो. रथाचा वेग ‘निरूप्य’, म्हणजे अभिनयाने दाखवून, असं लिहिलेलं आहे. शकुंतला झाडांना पाणी घालते तेही हातांच्या हालचालींतून. वर्णनाचे श्लोक इतके का असतात, याचं उत्तर इथे आहे. प्रेक्षकाला जे दाखवलं जात नाही ते नट शब्दांनी आणि शरीराने उभं करतो.

प्रत्यक्ष नाटकांचे सर्वात जुने अवशेष आपल्या देशात सापडलेच नाहीत. मध्य आशियातून जर्मन मोहिमेने नेलेल्या ताडपत्रांच्या तुकड्यांतून हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये अश्वघोषाचं ‘शारिपुत्रप्रकरण’ प्रकाशात आणलं. शारिपुत्र आणि मौद्गल्यायन बुद्धाचे शिष्य कसे झाले, याचं हे नऊ अंकी नाटक कुषाणकाळातलं. त्यातही विदूषक आहे आणि पात्रागणिक संस्कृत-प्राकृताची वाटणी आहे. म्हणजे तोवर नाटकाचा साचा चांगलाच पक्का झाला होता.

ही भाषांची वाटणी समजून घेतल्याशिवाय संस्कृत नाटक समजत नाही. राजा, ब्राह्मण, मंत्री संस्कृत बोलतात. बहुतेक स्त्रिया आणि विदूषक शौरसेनी या प्राकृतात बोलतात, खालच्या थरातली अनेक पात्रं मागधी या प्राकृतात. शाकुंतलात राजाची अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो. आणि स्त्रिया गातात ती भाषा बहुधा महाराष्ट्री. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत ग्रीष्माचं गाणं म्हणणारी नटी आणि पाचव्या अंकात पडद्याआडून राजाला टोचणारी हंसपदिका, दोघींची गीतं प्राकृतात आहेत. महाराष्ट्रात बोलल्या जाणाऱ्या भाषेलाच श्रेष्ठ प्राकृत मानतात, असं काव्यशास्त्रकार दंडी सांगतो. गाथासप्तशतीने घडवलेली ती गोड भाषा उज्जयिनीपासून कनौजपर्यंतच्या रंगमंचावर ऐकू येत होती. तेव्हा ‘संस्कृत नाटक’ नुसतं संस्कृतात कधीच नव्हतं.

कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत आधीच्या नाटककारांमध्ये भासाचं नाव आदराने घेतलं आहे. भासाच्या नावावरच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, जे पुढच्या नाटककारांनी टाळलं. ‘मालविकाग्निमित्रा’ला कालिदासाचं कच्चं नाटक म्हणून बाजूला ठेवतात, मला ते पटत नाही. त्यात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांची स्पर्धा आहे, परीक्षक म्हणून परिव्राजिका बसते, आणि भिन्न रुचीच्या लोकांचं एकत्र समाधान करणारं नाट्य हे एकच, हे प्रसिद्ध वचन गणदासाच्या तोंडी येतं. मालविका विदर्भाची राजकन्या आहे आणि शेवटी विदर्भाचं राज्य दोन चुलत भावांत वाटलं जातं, ते वरदा म्हणजे आपल्या वर्धा नदीची सीमा धरून.

शूद्रकाचं दहा अंकी ‘मृच्छकटिक’ राजवाड्याबाहेर पडतं. दरिद्री चारुदत्त, गणिका वसंतसेना, भिंतीला भोक पाडताना त्याच्या आकाराचा विचार करणारा चोर शर्विलक, जुगारी, भिक्षू, चांडाळ, अशी सगळी उज्जयिनी त्यात बोलते आणि प्राकृताचे कितीतरी प्रकार बोलते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त प्रेमकथाच नाही, सगळा खेळ चाणक्य आणि राक्षस यांच्या बुद्धीचा आहे. हर्षाच्या ‘प्रियदर्शिके’त नाटकातलं नाटक येतं.

भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं वा. वि. मिराशी यांनी दाखवलं. आठव्या शतकातला हा कवी कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला होता. लांब समासांमुळे त्याला वाचण्याचा नाटककार समजतात. पण त्याची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत, जमलेल्या लोकांसमोर करण्यासाठी लिहिलेली आहेत, हे तो स्वतः प्रस्तावनेत सांगतो. आपली नटांशी स्वाभाविक मैत्री असल्याचंही ‘मालतीमाधवा’त नोंदवतो. त्याने विदूषक पूर्ण वगळला. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात सीता रामासमोर असते, त्याला स्पर्श करते, पण त्याला दिसत नाही, प्रेक्षक मात्र दोघांनाही पाहतो. हा प्रसंग वाचताना डोळे भरतात, पण त्याची खरी ताकद नटांनी समोर उभा केल्यावरच कळते.

पुढे राजशेखर, मुरारी यांच्या हाती नाटक लांबत आणि जड होत गेलं. राजशेखर महाराष्ट्राशी नातं सांगणाऱ्या यायावर घराण्यातला. त्याची ‘कर्पूरमंजरी’ पूर्ण प्राकृतात आहे. पण तोवर रंगमंचावरच्या प्राकृत भाषा लोकांच्या तोंडच्या राहिल्या नव्हत्या, त्या व्याकरण पाहून लिहिल्या जात होत्या. प्रेक्षक वेगळं बोलू लागला होता. अजमेरला बाराव्या शतकात आणि धारला तेराव्या शतकात नाटकं चक्क दगडी शिळांवर कोरली गेली. राजांनी नाटकाला दिलेला हा मान मोठा होता, पण नाटक लिखित वस्तू झाल्याचंही ते लक्षण होतं.

केरळात मात्र प्रयोग थांबले नाहीत. तिथल्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात चाक्यार (नट) आणि नंग्यार (नटी) एकेक अंक कित्येक रात्री मंदिराच्या कूत्तंबलममध्ये, म्हणजे नाट्यगृहात, करत राहिले, अभिनयाच्या सूचनांच्या पोथ्या जपत राहिले. विदूषक संस्कृत श्लोकाचा अर्थ मल्याळममध्ये फोडून सांगतो. २००१ मध्ये युनेस्कोने या कलेचा गौरव केला. भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटकंही केरळातच सापडली, त. गणपतिशास्त्री यांनी ती १९१२ पासून त्रिवेंद्रमहून छापली. त्यांच्या प्रस्तावनांत लेखकाचं नाव नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी भासाची, की नटांनी प्रयोगासाठी बेतलेल्या आवृत्त्या, यावर वाद झडत राहिला. दुसऱ्या शक्यतेने त्यांचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही.

नाट्यशास्त्राचा ग्रंथ तर एकोणिसाव्या शतकात बराच काळ हरवलाच आहे असं मानलं जाई. १८९४ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेत तो छापला. तोवर मराठी रंगभूमीने आपली वाट धरली होती. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी संस्कृत नाटकांची भाषांतरं केली होती, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. पाठोपाठ देवलांनी ‘मृच्छकटिक’ संगीत केलं. विसाव्या शतकात कावालम नारायण पणिक्कर यांनी भासाचं ‘मध्यमव्यायोग’, तर रतन थिय्यम यांनी मणिपुरी युद्धकलेचा आधार घेत ‘ऊरुभंग’ उभं केलं. विजया मेहतांनी ‘मुद्राराक्षस’ मराठीत केलं, आणि पुढे तेच नाटक पूर्व जर्मनीतल्या नटांना घेऊन जर्मन भाषेतही बसवलं.