ग्रेट कॉलेज बास्केटबॉल कोच: सगळं कॅन्ससला जाऊन पोचतं

मार्च आला, कॉलेज बास्केटबॉलची नॅशनल स्पर्धा सुरू झाली, की अमेरिकेत ग्रेटेस्ट कॉलेज कोच कोण यावर भांडणं सुरू होतात, याची टायटल्स किती, त्याचे विजय किती. गंमत बघा, ज्यानं गेम काढला तो जेम्स नेस्मिथ कोच म्हणून चक्क तोट्यात होता. 1891 च्या डिसेंबरात त्यानं स्प्रिंगफील्डला फळांच्या टोपल्या टांगून खेळ सुरू केला, 1898 ला कॅन्सस युनिव्हर्सिटीत गेला, आणि तिथलं रेकॉर्ड 55 विजय, 60 पराभव. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला कोच तो एकटाच! कोचिंग ही काही वेगळी गोष्ट असते हेच त्याला फारसं पटत नव्हतं, पोरांनी व्यायाम म्हणून खेळावं, बास.

त्याच्याच टीममधला फॉग ॲलन मात्र उलट्या डोक्याचा. त्यानं कोचिंगलाच धंदा बनवलं, कॅन्ससला 39 सीझन काढले, आणि त्याच्या हाताखाली खेळलेले दोघं पुढे दिग्गज कोच झाले, केंटकीचा अडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनाचा डीन स्मिथ. रपचे विजय 876 आणि स्मिथचे 879, म्हणजे जवळपास सारखेच. पण स्मिथनं 1966 मध्येच चार्ली स्कॉट या काळ्या खेळाडूला स्कॉलरशिपवर आणलं, आणि त्याच वर्षी रपची सगळी गोरी टीम फायनलला टेक्सस वेस्टर्नच्या पाच काळ्या स्टार्टर्सकडून (मॅच सुरू करणारे पाच खेळाडू) 72-65 हरली. माझ्या हिशेबात हा फरक टायटल्सपेक्षा मोठा आहे.

आणि मला या सगळ्यात भारी वाटतो तो जॉन मॅक्लेंडन, ज्याचं नाव या भांडणांत क्वचितच निघतं. हा कॅन्ससला नेस्मिथकडेच शिकला, पण काळा म्हणून टीममध्ये खेळू दिलं नाही. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅमच्या काळ्यांच्या कॉलेजात कोच झाला, अख्ख्या कोर्टभर प्रेस, म्हणजे समोरच्याला सगळीकडे अडवणं, आणि पळून पळून दमवणारा फास्ट ब्रेक, म्हणजे बॉल मिळताच झटपट हल्ला, बसवला. 1944 मध्ये एका रविवारी सकाळी, शहर चर्चमध्ये असताना, ड्यूकच्या मेडिकल स्कूलची गोरी टीम चोरून त्यांच्या जिममध्ये आली, दारं बंद करून मॅच झाली, कारण तेव्हा तिथं असं एकत्र खेळणं कायद्यात बसतच नव्हतं. मॅक्लेंडनची पोरं 88-44 जिंकली. मग दोन्हीकडची पोरं मिसळून आणखी एक मॅच खेळली. पुढे टेनेसी स्टेटला त्यानं 1957 ते 59 सलग तीन नॅशनल टायटल्स दिली, तरी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) कोच म्हणून जागा मिळायला 2016 उजाडलं.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या जॉन वुडनची 12 वर्षांत 10 टायटल्स सगळ्यांना पाठ असतात, पण पहिलं टायटल तिथल्या 16 व्या सीझनला आलं हे कोणी सांगत नाही. स्मिथचा तर 1965 मध्ये एका पराभवानंतर कॅम्पसवर निषेध म्हणून पुतळा टांगला होता, तरी युनिव्हर्सिटीनं त्याला ठेवलं. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, म्हणजे जाहिराती वगैरेंचे, पैसे मिळतात, टीम बदलणंही सोपं झालंय, जे खेळाडूंच्या बाजूनं बरोबरच आहे, पण 16 सीझन कळ काढणारी युनिव्हर्सिटी आता कुठली सापडायला.