तंबूतली हवा: पेवापासून करवंटीच्या कोळशापर्यंत

गेल्या जुलैत माझ्या तंबूतल्या ढिंगरीचे, म्हणजे ऑयस्टर मशरूमचे, देठ वीतभर लांब झाले आणि टोप्या रुपयाएवढ्याच राहिल्या. तंबू म्हणजे चार बाय चार फुटांचा, साडेसहा फूट उंच, आतून चंदेरी कापडाचा ग्रो टेंट, घरात रोपं किंवा अळिंबी वाढवायचा. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत तो उभा आहे. देठांबरोबर दुसरी तक्रार वासाची होती. भिजवलेल्या भुशाचा आंबूस दर्प जिन्यापर्यंत पोचला, तेव्हा समोरच्या काकूंनी दार वाजवून काळजीनं विचारलं, "अगं, काही भिजत घालून विसरलीस का?"

अळिंबी करणाऱ्या एका जाणत्या बाईंना मी फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: देठ लांबतोय म्हणजे ती हवा शोधतेय. त्या ओळीनं मला वाचायला बसवलं. तंबू घेताना आपण दिव्याचे वॅट विचारतो. पंखा, पाइप आणि कोळशाचा फिल्टर सामानाच्या यादीत शेवटी येतात. खरं तर त्या तंबूत सगळ्यात नवा भाग दिव्याचा. हवेचा प्रश्न फार जुना आहे आणि आपल्याकडे तो शेतीच्याच अंगानं माहीत होता.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खणलेल्या त्या बंद कोठारांत माल वर्षानुवर्षं टिकायचा. पण पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळं करून वाट बघायची, मग दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. साठवलेलं धान्य किंवा कंद मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो. आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. अळिंबीचंही तेच. ती वनस्पती नाही, बुरशी आहे. प्रकाशातून अन्न करत नाही, आपल्यासारखा कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. ढिंगरीला टोपी धरायच्या वेळी तो हजाराच्या आत लागतो. त्यापेक्षा वाढला की देठ लांबतो आणि टोपी आखडते. माझ्या तंबूत मी एक छोटं पेवच बांधलं होतं.

हिरव्या पानांचं गणित उलटं, पण कोंडमारा तोच. भरपूर उजेडात पानं तंबूतला कार्बन डायऑक्साइड ओढून संपवतात आणि बदल्यात पाण्याची वाफ सोडतात. ही वाफ किती, हे पहिल्यांदा नीट मोजलं स्टीफन हेल्स या इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या धर्मोपदेशकानं. साडेतीन फुटी सूर्यफुलाची कुंडी तो रोज तोलायचा. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साधारण ५६५ ग्रॅम पाणी हवेत सोडतं, असं त्यानं १७२७ मध्ये छापलं. या माणसाची पुढची गोष्ट मला फार आवडते. १७४० च्या दशकात त्यानंच भात्यांची मोठी वायुवीजन यंत्रं तयार केली आणि ती जहाजांवर, इस्पितळांत, तुरुंगांत बसवली. लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर तर हवा ओढायला पवनचक्की उभी राहिली. घाण हवेमुळे कैद्यांना ताप येतो, अशी तेव्हाची समजूत होती. तो ताप उवांमुळे पसरतो हे कळायला अजून दीडशे वर्षं जायची होती. पण कोंडलेल्या जागेतली हवा यंत्रानं बदलायची, ही कल्पना तिथून रुजली. झाड किती वाफ टाकतं हे मोजणारा आणि बंद खोलीची हवा पालटणारा माणूस एकच होता, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्यानंतर जोसेफ प्रिस्टलीनं १७७१ मध्ये काचेखाली पुदिन्याची डहाळी ठेवून मेणबत्तीनं बिघडलेली हवा सुधारते हे दाखवलं, आणि इंगेनहाउझनं १७७९ मध्ये त्याला उजेड लागतो हे दाखवलं. शाळेत हे सगळ्यांनी वाचलंय.

या साऱ्याला छेद देणारा एक अनुभव लंडनच्या डॉक्टर नॅथॅनियल वॉर्डचा. शहराच्या काजळीनं त्याचे नेचे (फर्न) मरत. १८२९ मध्ये पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलीत त्याला आपोआप उगवलेला नेचा दिसला आणि तो हवा न बदलता जगला. दिवसा उडालेली वाफ काचेवर थिजून पुन्हा मातीत येत होती. त्यातून वॉर्डची काचपेटी आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपं लंडनहून सिडनीला जिवंत पोचली. पुढे चीनचा चहा हिमालयाच्या उतारावर आणि दक्षिण अमेरिकेचा सिंकोना, ज्याच्या सालीतून क्विनीन निघतं तो, भारतात याच पेट्यांतून आला. त्या काळात आपल्या महाबळेश्वरच्या लिंगमळ्यातही सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. मग बंद पेटी चालते तर तंबूला पंखा कशाला? कारण पेटीतली रोपं फक्त तग धरत होती, प्रवास सोसत होती. जोमानं वाढणाऱ्या, फुलावर येणाऱ्या पिकाला तेवढ्या हवेत भागत नाही. जगवणं वेगळं आणि पिकवणं वेगळं.

हवेत न दिसणारं आणखी काय साचू शकतं, हे सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्हनं १९०१ मध्ये दाखवलं. त्याच्या प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब आडवे, जाडसर वाढत; बाहेरच्या हवेत नेले की सरळ होत. दोष दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा निघाला. पुण्यातल्या वाचकाला हे सांगताना एक गोष्ट कळकळीनं सांगते: एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत हापूसची आढी घातली आहे, तिथे तंबू ठेवू नका. आढीत आंबा पिकवणारा वायू हाच. तंबूतला पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोलीत इथिलीन असेल तर ते आत येणारच. फुलावरच्या झाडाच्या कळ्या गळू शकतात.

आता पुण्याचा खरा धागा. वेधशाळेचं, म्हणजे देशाच्या हवामान खात्याचं, मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं, म्हणून शिवाजीनगरचा तो चौक आजही सिमला ऑफिसचा चौक. तिथंच १९३२ मध्ये शेतीच्या हवामानाचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. देशाचं हवामान एकीकडे, आणि पिकाच्या पानांजवळची वीतभर हवा दुसरीकडे, हा फरक त्यांनी भारतात रुजवला. शांत, निरभ्र रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकलेली नसते, थोडी वर असते, असं त्यांनी त्याच वर्षी नोंदवलं. अनेकांना ते पटेना; आज तो रामदास थर म्हणून ओळखला जातो. मी हे वाचलं आणि तंबूत तीन उंचींवर तीन तापमापक टांगले. वर आणि खाली चार अंशांचा फरक होता. हवा बाहेर काढणारा पंखा आतली हवा ढवळत नाही. पानांभोवती ओलसर हवेचं पातळ कवच बसून राहतं आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, तिथंच धरते. त्यासाठी आत एक छोटा फिरता पंखा वेगळा लागतो. त्याची झुळूक पानं हलतील इतपतच हवी.

वासाचा इतिहास मात्र झाडांपासून सुरू होत नाही. कोळसा वायू शोषून घेतो हे शीलनं १७७३ मध्ये पाहिलं, आणि लोविट्झनं १७८५ मध्ये कोळशानं द्रव निवळतो हे दाखवलं. त्याचा हवेसाठी रोजच्या वापरात उपयोग केला स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाउसनं. १८५४ मध्ये त्यानं तारेच्या जाळीत कोळसा भरून मुखवटा केला, आणि पुढे लंडनच्या गटारांच्या वायुनलिकांवरही कोळशाच्या थाळ्या बसल्या. म्हणजे आजच्या फिल्टरचा पूर्वज गटारावर बसलेला आहे. १९०० च्या सुमारास राफाएल ओस्ट्रेयकोनं वाफ आणि रसायनं वापरून कोळसा सक्रिय करायची रीत पेटंट केली. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की त्यात अतिसूक्ष्म भोकं पडतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग असतो. ज्या खेळाला एकेकाळी 'पूना' म्हणत, त्या बॅडमिंटनची बाराएक मैदानं एका चिमटीत. वासाचे रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात.

मग युद्ध आलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरीन वायू सोडला गेला आणि त्याच वर्षी रशियात रसायनशास्त्रज्ञ झेलिन्स्कीनं सक्रिय कोळशाचा मुखवटा केला. १९१८ मध्ये अमेरिकेत घरोघरी फळांच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या गोळा होत होत्या. करवंटीचा कोळसा घट्ट असतो, त्याची भोकं फार बारीक असतात आणि तो भुगा कमी होतो. आज चांगल्या फिल्टरवर 'कोकोनट शेल' छापलेलं असतं ते यामुळे. आपण खोबरं खवून टाकून देतो त्या करवंटीला हा इतिहास आहे, हे कळल्यापासून ती कचऱ्यात टाकताना माझा हात क्षणभर थांबतो.

झाडं आणि कोळसा एकत्र आले कॅलिफोर्नियात. पासाडीनाला १९४९ मध्ये फ्रिट्स वेंट यांची मोठी वनस्पती प्रयोगशाळा उघडली. प्रत्येक खोलीत तापमान, उजेड, ओलावा हवा तसा ठेवता येई. पण लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं पानं करपत, म्हणून आत येणारी हवा कोळशातून गाळून घ्यावी लागली. दिशा लक्षात घ्या: तिथं शहराच्या हवेपासून झाडांना वाचवायचं होतं. तंबूत हाच कोळसा उलटा वापरतात. झाडांच्या हवेपासून शेजाऱ्यांना वाचवायला.

ही दिशा कशी उलटली हे लपवण्यात अर्थ नाही. युरोप-अमेरिकेत घरात चोरून गांजा वाढवणाऱ्यांना उग्र वासाची भीती होती, आणि कापडी तंबू, नळीत बसणारा पंखा, कोळशाचा फिल्टर ही त्रिकूट जोडणी मुख्यतः त्यांच्या गरजेतून घरगुती बाजारात आली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाची लागवड गुन्हा आहे, आणि या लेखाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुण्यात आज तंबूत दिसतात ती मायक्रोग्रीन्स, बेसिल, ढिंगरी आणि हौसेनं लावलेलं केशर. अवजार मात्र तेच आहे, आणि ते नीट समजून वापरावं असं मला मनापासून वाटतं.

समजण्यासारखी मुख्य गोष्ट दाबाची आहे. फिल्टर तंबूत वर टांगायचा, कारण गरम हवा वर जाते; पंखा त्यातून हवा ओढून पाइपनं बाहेर टाकतो आणि ताजी हवा खालच्या जाळीतून आपोआप येते. ओढ पुरेशी असेल तर कापडाच्या भिंती किंचित आत खेचलेल्या दिसतात. मग चेनच्या फटीतूनसुद्धा हवा आतच जाते, वास बाहेर येत नाही. भिंती फुगलेल्या दिसल्या तर कितीही महाग फिल्टर लावा, वास येणारच. माझ्या तंबूचं आकारमान १०४ घनफूट. मिनिटाला एकदा हवा बदलायची तर १०४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट. पण फिल्टर आणि पाइपची वळणं हवा अडवतात, म्हणून दीडशेच्या पुढचा पंखा. पाइप जितका सरळ आणि आखूड तितकं बरं.

पुण्याच्या घरांत यावर दोन अडचणी हमखास येतात. पहिली डक्टची. बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या इमारतीच्या उभ्या पोकळीत पाइप सोडायचा मोह होतो. मी तेच केलं होतं, आणि दुसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत सगळ्या बाथरूममध्ये माझा भुसा पोचला. पाइप मोकळ्या हवेतच काढावा. दुसरी पावसाची. हवेतला ओलावा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेला की कोळशाच्या भोकांत पाणीच भरतं आणि वासाला जागा उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथं दिवसचे दिवस त्याच्या वरच ओलावा असतो, आणि अळिंबीच्या तंबूत तर बारा महिने.

आणखी एक, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. पक्व ढिंगरी कोट्यवधी बीजाणू सोडते. कोळसा वासाला धरतो, बीजाणूंना धरायचं त्याचं काम नव्हे. ते त्याची भोकं मात्र बुजवतात. ते श्वासातून वारंवार गेले तर फुप्फुसांना सूज येऊ शकते, आणि अळिंबी कामगारांत हा आजार नोंदलेला आहे. म्हणून फिल्टरवर बाहेरून कापडी आवरण हवं, ते दर तोडणीनंतर धुवायला हवं, आणि टोपीची कड वर वळायच्या आत तोडणी करायला हवी. अमोनियाचंही तसंच: बटण अळिंबीच्या कंपोस्टमधून येणारा तो झोंबरा वायू साध्या कोळशाला फारसा चिकटत नाही, त्यासाठी आम्लात भिजवलेला कोळसा लागतो. फ्लॅटमध्ये कंपोस्ट करूच नये, हे माझं स्पष्ट मत.

माझ्या तंबूत आता पाइप गॅलरीच्या जाळीतून बाहेर जातो, कोळसा गणपतीनंतर बदलते, आणि भुसा चुलत भावाच्या मुळशीच्या घरी उकळून, निथळवून आणते. या मोसमातल्या पहिल्या तोडणीत टोप्या तळहाताएवढ्या झाल्या. त्यातली अर्धी काकूंकडे गेली.